बेस माल्ट बदलावा तर कसा?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये नॉर्विचला राहतो. घरी बिअर करण्याचा नाद लागून आता बरेच दिवस झाले. सुरुवातीपासून एकाच दुकानातला, पोत्यावर नुसतं ‘पेल माल्ट’ लिहिलेला माल वापरतो आहे. बिटर आणि पेल एल बऱ्यापैकी जमतात. हॉप्स बदलून पाहिले, यीस्ट बदलून पाहिलं, पण माल्टला कधी हात लावला नाही. दुकानात मॅरिस ऑटर, गोल्डन प्रॉमिस, शेव्हेलियर, बोहेमियन पिल्स्नर अशी नावं दिसतात. काहींची किंमत माझ्या नेहमीच्या मालापेक्षा बरीच जास्त असते. या नावांनी चवीत खरोखर फरक पडतो, की नुसताच बोलबाला आहे? आणि २५ किलोचं पोतं घरात आणण्याआधी नवा माल्ट पारखायचा कसा?
— एक वाचक, नॉर्विच

उत्तर : पोतं आणू नका. दोन-तीन किलोच्या पिशव्या आणा आणि एका वेळी दोनच माल्ट समोरासमोर ठेवा, एक तुमचा नेहमीचा आणि एक नवा.

हॉप्स आणि यीस्ट आधी बदलून माल्टकडे शेवटी वळणं हे बहुतेक सगळ्यांचंच होतं. हॉप्सचं पाकीट फोडलं की वास थेट नाकात शिरतो, माल्ट तसा स्वतःची जाहिरात करत नाही. पण हिशेब मांडून पाहा. १.०४५ घनतेच्या वर्टपासून (माल्टच्या अजून न आंबलेल्या गोड पाण्यापासून), म्हणजे साधारण साडेचार टक्के मद्यार्काची, २० लिटर बिटर करायला सुमारे ४ किलो माल्ट लागतो. त्यातला पाव-अर्धा किलो क्रिस्टल माल्ट सोडला तर बाकी सगळा बेस माल्टच. यीस्ट जी साखर खातं ती याची, फेस टिकतो तो याच्या प्रथिनांवर, आणि हॉप्सचा कडूपणा ज्याच्याशी तोलायचा तो गोडवाही याचाच. म्हणून बिअरमध्ये मन लावून बदलण्यासारखी एकच गोष्ट असेल, तर ती हीच असं मला वाटतं.

फरक पडतो का? पडतो. मात्र तो तीन ठिकाणांहून येतो, आणि पोत्यावर त्यातलं एकच ठळक छापलेलं असतं : बार्लीची जात. बार्ली कोणत्या शेतात, किती नत्र खाऊन वाढली आणि माल्ट करणाऱ्याने तिचं पुढे काय केलं, ही दोन उत्तरं पोत्यावर नसतात. त्यातलं शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

मोड आलेल्या नाचणीचं पीठ आपल्या घरांत बाळासाठी करतात. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून हलकी भाजायची आणि दळायची. साध्या नाचणीची खीर घट्ट गोळा होते, मोडाच्या नाचणीची पातळ राहते, कारण मोड येताना दाण्याने स्वतःच्या पिठाला फोडणारी एन्झाइम्स तयार केलेली असतात. बार्लीचा माल्ट होतो तो याच वाटेने. दाण्यातला ओलावा भिजवून ४३ ते ४६ टक्क्यांपर्यंत नेतात, चार-सहा दिवस मोड येऊ देतात. त्या काळात दाण्याच्या आतल्या पेशींच्या भिंती विरघळतात, प्रथिनं सुटी होतात आणि स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स साठतात. कोंब फार वाढून सगळी साखर स्वतःच खाऊन टाकण्याआधी दाणा भट्टीत जातो.

आणि ही भट्टी चव ठरवते. पिल्स्नर माल्टला शेवटी ८० ते ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता देतात, पेल एल माल्टला ९५ ते १०५ अंशांपर्यंत. या वीसेक अंशांत खूप काही घडतं. पिल्स्नर माल्टचा रंग ईबीसी या रंगाच्या मापावर ३-४ राहतो आणि चवीत कच्च्या धान्याचा, गवताचा, थोडा मधाचा अंश उरतो. पेल एल माल्ट ५-६ ईबीसीवर जातो आणि त्यात बिस्किटाची, पावाच्या कडेची खमंग चव येते. व्हिएन्ना ७ ते ९, म्युनिक १५ ते २५ असं चढत जाताना खमंगपणा वाढतो आणि एन्झाइम्स कमी होतात. म्युनिकमध्ये स्वतःचा स्टार्च फोडण्यापुरतीच ताकद उरते, दुसऱ्या धान्याचं ओझं त्याच्यावर टाकू नये.

आणखी एक गोष्ट या भट्टीशी बांधलेली आहे. मोड येताना दाण्यात एस-मिथाइल मेथिओनिन नावाचा पदार्थ तयार होतो. वर्ट तापलं की त्यातून डायमिथाइल सल्फाइड निघतं, त्याचा वास शिजवलेल्या मक्याचा किंवा कोबीचा. जास्त भाजलेल्या पेल एल माल्टमध्ये तो पदार्थ भट्टीतच बराचसा उडून गेलेला असतो, पिल्स्नरमध्ये शिल्लक राहतो. म्हणून पिल्स्नर माल्ट वापरणारे लोक वर्ट साठऐवजी नव्वद मिनिटं, झाकण न ठेवता, चांगलं खळखळून उकळतात. तुम्ही बोहेमियन पिल्स्नर आणलात तर हे विसरू नका.

आता जातींकडे. मॅरिस ऑटर केंब्रिजच्या प्लँट ब्रीडिंग इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. जी. डी. एच. बेल यांच्या चमूने प्रॉक्टर आणि पायोनियर या दोन जातींच्या संकरातून तयार केली आणि १९६६च्या सुमारास ती शेतात आली. शरद ऋतूत पेरायची, दोन ओळींची बार्ली. तिच्यात नत्र कमी राहतं आणि मॅशमध्ये, म्हणजे भरडलेला माल्ट गरम पाण्यात मुरवताना, ती गुणी वागते, म्हणून इंग्लंडच्या पारंपरिक एल करणाऱ्यांनी तिला उचलून धरलं. पुढे एकरी जास्त उत्पन्न देणाऱ्या जाती आल्या आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती शिफारस केलेल्या जातींच्या यादीतून बाहेर पडली. शेतातलं बियाणंही तोपर्यंत भेसळीचं झालं होतं. १९९०च्या दशकात एच. बॅनम आणि रॉबिन अ‍ॅपल या दोन धान्य-व्यापारी कंपन्यांनी शुद्ध बियाण्यापासून ती पुन्हा उभी केली. तुम्ही ज्याला जास्त किंमत म्हणता ती बरीचशी ही बार्ली पिकवणाऱ्या शेतकऱ्याला कमी उत्पन्नाची भरपाई म्हणून जाते, आणि मला ती रास्त वाटते.

गोल्डन प्रॉमिस ही स्कॉटलंडची लाडकी. मेथॉर्प या जातीच्या बियाण्यावर गॅमा किरण सोडून मिळवलेली, १९६०च्या दशकात शेतात आलेली, बुटक्या ताठ काडाची. वाऱ्यात लोळत नाही आणि लवकर पिकते, त्यामुळे तिथल्या छोट्या उन्हाळ्याला बरोबर बसली. व्हिस्कीवाल्यांनी ती वर्षानुवर्षं वापरली, आणि यॉर्कशायरच्या कीथलीमधली टिमथी टेलर ही ब्रुअरी आपली ‘लँडलॉर्ड’ आजही तिच्यावर करते. नॉर्विचच्या एखाद्या पबमध्ये ती पंपावर मिळाली तर आधी एक पाइंट प्या. गोल्डन प्रॉमिसचा स्वच्छ, किंचित गोड, मऊ स्वभाव कोणत्याही वर्णनापेक्षा त्यातून लवकर कळेल.

शेव्हेलियरची गोष्ट तुमच्या अंगणातली आहे. सफोकमधल्या डेबनमला रेव्हरंड जॉन शेव्हेलियर यांनी १८२०च्या दशकात ही बार्ली वाढवून पसरवली आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बिअरचा मोठा भाग तिच्यावर चालला. नंतर ती शेतातून नाहीशी झाली, बियाण्याच्या संग्रहात मात्र मूठभर दाणे राहिले. तुमच्याच शहरातल्या जॉन इनस सेंटरमधल्या शास्त्रज्ञांनी त्यावरून ती पुन्हा वाढवली, आणि क्रिस्प या नॉरफोकच्या कंपनीने तिचा माल्ट केला. भरदार, जड अंगाची बिअर देते. पहिल्या प्रयोगासाठी मी ती सुचवणार नाही, कारण तिच्या बिअरला मुरायला वेळ लागतो आणि तुम्हाला तर लवकर चव घेऊन तुलना करायची आहे. हिवाळ्यात कधी जोरकस बिअर करून महिनोन्महिने ठेवायची असेल तेव्हा मात्र तिच्याइतकी जवळची दुसरी नाही.

जातीचा चवीशी खरंच संबंध आहे का, हा वाद बराच काळ चालला. अमेरिकेत ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या पॅट हेज आणि सहकाऱ्यांनी गोल्डन प्रॉमिस आणि फुल पिंट या दोन जातींची संतती वाढवली, छोट्या प्रमाणात माल्ट केला, त्याच्या बिअर केल्या आणि परीक्षकांपुढे ठेवल्या. चवीत जातीचा वाटा असतो, असं २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून दिसलं. म्हणजे नावं पोकळ नाहीत. तरीही माझं मत असं की घरी करणाऱ्याला पहिल्यांदा जाणवतो तो भाजणीचा फरक. मॅरिस ऑटरच कमी भाजून ‘एक्स्ट्रा पेल’ म्हणूनही विकतात. ती आणि नेहमीची पेल एल भाजणीची मॅरिस ऑटर शेजारी ठेवलीत, तर दोन वेगळ्या जातींच्या सारख्या भाजलेल्या माल्टपेक्षा मोठं अंतर तुम्हाला तिथे सापडेल. तेव्हा दुकानात जातीबरोबर रंगाचा आकडा आणि माल्ट करणाऱ्याचं नाव अवश्य वाचा. पोतं कधी भरलं तेही विचारा. जुन्या, हवा लागलेल्या नामांकित माल्टपेक्षा ताजा साधा माल्ट शंभर पटीने बरा.

मग तुम्ही काय घ्यावं? तुम्ही बिटर करता, म्हणून मॅरिस ऑटर, पेल एल भाजणीचा, आणि जमलं तर जमिनीवर पसरून मोड आणलेला. विल्टशायरमधल्या वॉर्मिन्स्टरला तशी जुनी माल्टखान्याची इमारत अजून चालते, आणि तुमच्याजवळ ग्रेट रायबरोला क्रिस्पकडेही असा एक मजला जपलेला आहे. तिथे ओली बार्ली फरशीवर पसरून माणसं फावड्याने आणि दाताळ्याने उलटत राहतात. यंत्राच्या मोठ्या डब्यात होणारा माल्ट वाईट नसतो, उलट जास्त एकसारखा असतो. पण फरशीवरच्या माल्टमध्ये एक भरीवपणा मला तरी सापडतो, आणि पहिल्या तुलनेत फरक जितका ठळक तितकं शिकणं सोपं. हॉप्स पुढे असलेली फिकट एल करायची असेल तर गोल्डन प्रॉमिस. लागर करायला थंड जागा असेल तर बोहेमियन पिल्स्नर. सहा ओळींच्या बार्लीचा माल्ट मात्र तुमच्या बिटरसाठी आणू नका. त्यात प्रथिनं आणि सालं जास्त, एन्झाइम्सही भरपूर, मक्यासारखं बाहेरचं धान्य मिसळणाऱ्यांसाठी तो ठीक.

आता पारख. पहिली पायरी फुकट आहे : चार दाणे चावा. चांगला माल्ट दाताखाली कुरकुरीत फुटून पिठासारखा विरतो आणि मागाहून गोड लागतो. मध्ये खड्यासारखा कडक भाग लागला तर तिथे मोड नीट पोहोचलेले नाहीत. दाणा वातड लागला तर त्याने दमट हवा ओढली आहे, तो घेऊ नका.

दुसरी पायरी मला सगळ्यांत आवडते. अमेरिकन सोसायटी ऑफ ब्रुइंग केमिस्ट्स या संस्थेने ती पद्धत म्हणून मान्य केली आहे, आणि घरात करायला तिला फक्त एक थर्मास लागतो. ५० ग्रॅम माल्ट मिक्सरमध्ये बारीक करा. थर्मासमध्ये ६५ अंशांचं ४०० मिली पाणी घ्या, त्यात हे पीठ टाका, झाकण लावून वीसेक सेकंद हलवा आणि १५ मिनिटं ठेवा. मग कॉफीच्या गाळणकागदातून गाळा. खाली जे पातळ, गोडसर पाणी येतं ते थंड होऊ द्या आणि त्याच दिवशी, शक्यतो चार तासांच्या आत, दोन्ही माल्टची पाणी शेजारी ठेवून चाखा. हॉप्स नाहीत, यीस्ट नाही, कडूपणा नाही, नुसता माल्ट बोलतो. चव लिहून ठेवताना इंग्रजी पुस्तकांतली विशेषणं शोधत बसू नका. भाजलेला रवा, गव्हाचा चीक, भाकरीचा पापुद्रा, मध, ओलं गवत, काकवी, जे तुमच्या जिभेला खरोखर आठवेल तेच लिहा, कारण सहा महिन्यांनी वही उघडाल तेव्हा तेच तुम्हाला कळेल.

तिसरी पायरी म्हणजे बिअर. इंग्रजीत ब्रू करणारे याला ‘स्मॅश’ म्हणतात, एक माल्ट आणि एक हॉप. एकाच दिवशी दहा-दहा लिटरच्या दोन बॅच करा. प्रत्येकीत २ किलो माल्ट, दुसरं काहीच नाही. मॅश ६६ अंशांवर तासभर. उकळी फुटल्यावर ईस्ट केंट गोल्डिंग्ज, ५.५ टक्के अल्फा आम्लाचे असतील तर सुमारे २० ग्रॅम, साठ मिनिटं. कडूपणा, आयबीयू या त्याच्या मापात, पंचविसेक येईल, बिअरला आधार देईल आणि माल्टवर चढणार नाही. शेवटी वासाचे हॉप्स टाकण्याचा मोह आवरा. यीस्ट स्वच्छ चवीचं, एकाच पाकिटाचे वजन करून दोन समान भाग, आणि दोन्ही पिंपं शेजारी १८-१९ अंशांवर.

इथे एक अडचण जवळपास नक्की येईल, म्हणून आधीच सांगतो. नव्या माल्टचे दाणे तुमच्या नेहमीच्या दाण्यांपेक्षा जाड किंवा बारीक असतील. गिरणीची फट जुन्या दाण्याला बसवलेली असते, साधारण १ ते १.२ मिलिमीटर. तीच ठेवलीत तर एक माल्ट भरडला जाईल आणि दुसऱ्याचे दाणे अर्धवट फुटतील, साखर कमी उतरेल, आणि तुम्हाला वाटेल माल्टच हलका. मूठभर माल्ट दळून ताटात पसरा. सालं बरीचशी अखंड आणि आतलं पीठ दोन-तीन तुकड्यांत फुटलेलं दिसेपर्यंत फट बदला. एवढं करूनही एका बॅचची घनता १.०४८ आणि दुसरीची १.०४५ आली, तर जास्तीच्या बॅचमध्ये उकळून गार केलेलं पाणी घाला. दहा लिटरला ६५०-७०० मिली पुरे होईल. मद्यार्क वेगळा असला की जीभ त्यालाच माल्टची चव समजते.

दुसरं पाणी. नॉर्विचचं पाणी खडूच्या खडकातून येतं, जड असतं, त्यात बायकार्बोनेट भरपूर. फिकट माल्टमध्ये आम्लता कमी असते, त्यामुळे असं पाणी मॅशचा पीएच वर ओढतं. ५.३ ते ५.५ हवा तिथे ५.८ झाला तर सालांतलं टॅनिन उतरतं आणि घशाला तुरट खरखर लागते. तुमच्या बिटरमध्ये क्रिस्टल माल्टची आम्लता थोडी मदत करत होती. नुसत्या बेस माल्टमध्ये ती नाही. दोन्ही मॅशचा पीएच थंड नमुन्यावर मोजा आणि लॅक्टिक किंवा फॉस्फोरिक आम्लाने दोन्हीकडे सारखा आणा. पिल्स्नर माल्टला लोक बेचव, तुरट म्हणतात तेव्हा पुष्कळदा दोष पाण्याचा असतो.

बिअर तयार झाल्यावर नावं वाचत चाखू नका. जास्त पैसे दिलेला माल्ट जास्तच चांगला लागणार. घरातल्या कुणालातरी सांगा, तीन सारख्या अपारदर्शक पेल्यांत बिअर ओतायची, दोघांत एक आणि तिसऱ्यात दुसरी, क्रम आपल्या मनाचा. तुम्ही फक्त वेगळा पेला ओळखायचा. रंगावरून कळत असेल तर डोळे मिटा. निव्वळ नशिबाने तीनात एकदा बरोबर येतंच. सहा फेऱ्या करा. सहात निदान चार बरोबर येणं नुसत्या अंदाजानेही दहात एकदा घडतं, निदान पाच येणं पन्नासात एकदाही घडत नाही. तेव्हा पाच आले तर फरक खरा माना. एका बैठकीत सगळ्या फेऱ्या उरकू नका, तिसऱ्या फेरीनंतर जीभ थकते. फरक कळला तर मग आवडीचा प्रश्न. आणि फरक कळलाच नाही, तर तुमचा साधा पेल माल्ट उत्तम आहे आणि वाचलेल्या पैशांचे ताजे हॉप्स घ्या. तोही तितकाच मोलाचा निकाल आहे.

पुढे पोतं घ्यायचं ठरलं, तर दुकानाकडून त्या लॉटचा विश्लेषणाचा कागद मागा, माल्ट करणारे तो देतात. बऱ्याच आकड्यांतले तीन वाचा. ओलावा ४ टक्क्यांच्या आत हवा. एकूण नत्र एल माल्टला १.४ ते १.६५ टक्क्यांच्या दरम्यान बरं, त्याला ६.२५ने गुणलं की प्रथिनं मिळतात, ती जास्त असली तर बिअर गढूळ राहते आणि साखर कमी उतरते. आणि रंग. पोतं घरात आल्यावर दाणे अख्खेच, घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या थंड जागी ठेवा. असे वर्षभर चांगले राहतात. दळून ठेवलेला माल्ट काही आठवड्यांतच उतरतो, त्यामुळे स्वस्त पडतो म्हणून दुकानातून मोठ्या प्रमाणात दळून आणू नका.

*

प्रश्न : हे सगळं पुण्यात घरी करता येईल का? माझ्या भावाने लंडनहून किट आणून देतो म्हटलंय.
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे, आणि बिअर त्यात येते. घरच्यासाठी थोडी केली ही सबब तिथे चालत नाही. इंग्लंडमध्येही १८८०पासून घरी बिअर करायला परवाना लागत असे. १९६३च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी तो काढून टाकला, त्यानंतरच तिथे हा छंद घरोघरी पोहोचला. विकायची नाही, एवढी अट राहिली. अमेरिकेत केंद्राचा कायदा १९७८मध्ये बदलला. आपल्याकडे असा बदल व्हावा असं मला मनापासून वाटतं, पण तो होईपर्यंत किट आणू नका.

तुमच्या हातात दोन गोष्टी मात्र आहेत. पुण्यात स्वतःची बिअर करणारे पब आहेत. तिथे ब्रूमास्टर भेटला तर बेस माल्ट कुठला, किती भाजलेला, एवढं विचारा. हे विचारणारं गिऱ्हाईक त्यांना क्वचित भेटतं, आणि बहुतेक जण आनंदाने दाणेही हातावर ठेवतात. दुसरी, वर सांगितलेली थर्मासची कृती. तिच्यात आंबवणं नाही, मद्यार्क नाही, त्याच दिवशी प्यायचं ते फक्त माल्टचं गोड पाणी आहे. थोडा माल्ट मिळवून तुम्ही जीभ आजपासून तयार करू शकता. आपल्याकडची माल्टची बार्ली मुख्यतः राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेश या भागांत पिकते. पूर्वी ती बरीचशी सहा ओळींची असे. कर्नालच्या गहू आणि बार्ली संशोधन संस्थेने डीडब्ल्यूआरयूबी ५२ सारख्या दोन ओळींच्या माल्टयोग्य जाती पुढे आणल्या आहेत. भारतीय आणि इंग्लिश माल्ट शेजारी ठेवून चाखायला मिळाले तर सोडू नका.

*

प्रश्न : नाचणीला मोड आणता येतात, तर नाचणीच बेस माल्ट का होऊ नये?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जगात ती होतेच. युगांडातल्या तेसो लोकांची अजोन नाचणीची, मोठ्या मडक्याभोवती बसून लांब नळ्यांनी ओढायची. नेपाळ-सिक्कीममधला तोंगबा नाचणीचाच, त्यात आंबलेल्या दाण्यांवर गरम पाणी ओततात आणि नळीने पितात. नॉर्विचच्या वाचकाने मॅरिस ऑटरच्या जागी ४ किलो मोडाची नाचणी टाकली तर मात्र पंचाईत होईल. बार्लीच्या दाण्याला साल चिकटलेली असते, मॅशमध्ये तीच गाळणीचं काम करते. नाचणी मळणीत उघडी पडते, म्हणून खाली लगदा बसतो आणि वर्ट उतरत नाही. शिवाय नाचणीचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त उष्णतेला फुलतो आणि स्टार्चची आंबण्याजोगी साखर करणारं बीटा-अमायलेज तिच्यात कमी असतं. ६६ अंशांच्या एका मॅशमध्ये ती पुरी उलगडत नाही.

इंग्लंडमध्ये असाल आणि करूनच पाहायचं असेल तर बेस बार्लीचाच ठेवा आणि नाचणीचा माल्ट दहा-पंधरा टक्के घ्या. नाचणी आधी वेगळी, पाण्यात पातळ करून, शिजवून घ्या, ६६ अंशांपर्यंत निवू द्या आणि मग मॅशमध्ये मिसळा. बार्लीची एन्झाइम्स तिचा स्टार्च फोडतील. इथे बेसला गोल्डन प्रॉमिस किंवा एखादा फिकट पेल माल्ट घ्या. म्युनिक घेतलात तर त्याच्या खमंगपणाखाली नाचणी हरवेल आणि त्याच्या एन्झाइम्सना तिचं ओझं पेलणारही नाही.